चार ओळींचं भरण

— अहो, पण पोरगी उभी राहिली, घडाघडा बोलली, शेवटी एका ठिकाणी अडली — एवढ्यावरून तिचं नाव स्पर्धेतून काढून टाकायचं? काढलं नाही, बाजूला ठेवलंय — हे शाळेतलं मराठी मला नका ऐकवू, बाई. माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे, बाजूला ठेवलेली माणसं मी रोज बघतो. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याला टोनर लागलाय, कपडे काळे होतील आणि तेही माझ्याच नावावर. इकडे, खुर्चीवर. बरं झालं तुम्हीच आलात. मी येणारच होतो शाळेत, पण बिट्टीची आई म्हणाली, तुम्ही जाऊ नका, तुम्ही जाता आणि भांडून येता. भांडण कसलं? मी सरळ बोलतो, लोकांना ते भांडणासारखं ऐकू येतं. तर आता सरळच विचारतो. आठवीच्या अख्ख्या वर्गात माझ्या मुलीइतकी डोकेबाज मुलगी आहे का दुसरी? नाही ना? मघाशी दारात तुम्हीच म्हणालात. मग शाळेतर्फे ती नाही जाणार तर कोण जाणार — तो डॉक्टरांचा मुलगा? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही, त्यांचा ड्रायव्हर बांधून देतो, इथे समोर, फाटकात. मला सगळं दिसतं इथून.

आणि स्पर्धा तरी कसली! म्हणे 'माहितीचा माग'. पूर्वी शाळेत पळायची स्पर्धा असायची, पाठांतराची असायची, निबंधाची असायची — जो जिंकला तो जिंकला, सगळ्यांना दिसायचं. आता काय, पोरांनी एक वाक्य उचलायचं आणि त्याच्या मागे मागे जायचं. हे कोण म्हणालं, त्याला कुणी सांगितलं, त्या सांगणाऱ्याला कुणी सांगितलं — असं करत करत ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्या माणसापर्यंत पोचायचं. बरोबर सांगतोय ना? पाठ झालंय मला, घरात रोज तेच चाललेलं असतं. शाळा सुरू झाली, तुमचा तो माहितीचा तास सुरू झाला, आणि आमच्या घरातली शांतता संपली. परवाची गोष्ट नाही, आधीची — मी म्हटलं, दूध नासलंय. ही म्हणते, कशावरून? म्हटलं, वास घेतला मी. तर म्हणते, तो तुमचा पुरावा झाला बाबा, मी माझा घेते. आणि खरंच उठून वास घेऊन आली. पोरं तुम्हाला काय म्हणतात माहीत आहे ना? 'कशावरूनबाई'. हसताय काय? मला असं नाव पडलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी बदली मागितली असती.

नाही, मला खरंच कळत नाही, माहिती शोधायला शिकवायचं म्हणजे शिकवायचं काय? अहो, माहिती आता शोधावी कुठे लागते, ती अंगावर येते. मोबाइल उघडला की तोंडावर आपटते. तुम्ही यायच्या आधी तुमच्या त्या ग्रंथालयात कोण जात होतं हो? कपाट उघडायचं तर आधी शिपायाला शोधा, मग शिपायानं किल्ली शोधायची — तेवढंच काय ते शाळेतलं संशोधन. म्हणून पोरांची कामं अडली का? मुळीच नाही. कारण समोर मी होतो. हा रॅक बघा, शाळेच्या प्रकल्पांचे तयार सेट. 'पाणी वाचवा', 'प्रदूषण — एक समस्या', 'आपले पक्षी', 'आपली रेल्वे', 'गांडूळ — शेतकऱ्याचा मित्र'. रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल, पहिल्या पानावर नाव लिहायला ठिपक्यांची रेघ. संध्याकाळी आईबाप कामावरून येता येता थांबायचे, अर्धे चपलेत, अर्धे स्कूटरवर — उद्या प्रकल्प द्यायचाय हो, काहीतरी द्या. काहीतरी! मी कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. आता बघा, धूळ बसलीय रॅकवर. तुमची कृपा.

— या काकू. ओळखपत्र ना? पुढची मागची एकाच पानावर घेऊ? द्या इकडे. ... हे घ्या. सुटे राहू द्या, पुढच्या वेळी द्या. — ह्या काकूंचा नातू माझ्याच सेटवर सातवी-आठवी पार झाला, विचारा त्यांना. गेल्या.

काय म्हणत होतो — हां, गुण. मिळायचे की, पैकीच्या पैकी मिळायचे. बाई, तुम्हाला एक गंमत सांगतो, शाळेत कुणाला सांगू नका. गांडुळाच्या सेटमध्ये सातवं पान रेल्वेचं आहे. खरंच! कधीतरी पानं जुळवताना इकडचं तिकडे झालं, त्याच्यावरून मूळ प्रत केली, मग जेवढ्या काढल्या तेवढ्या तशाच. म्हणजे सहाव्या पानावर गांडूळ जमीन भुसभुशीत करतं, आणि पान उलटलं की त्याचे डबे प्रवाशांनी खचाखच भरलेले. कित्येक वर्षं पोरं तो सेट देतायत आणि कित्येक वर्षं तुमच्यातले शिक्षक त्याच्यावर लाल शाईनं 'छान' लिहितायत. एकांनी तर 'विषयाचा सखोल अभ्यास' असं लिहिलं होतं. मला कळलं नव्हतं असं समजू नका. मला लगेच कळलं होतं. मी म्हटलं, बघू या कोण बोलतं. कुणी चकार शब्द काढला नाही. आणि आता तुमच्या वर्गातल्या दोन पोरी येतात, इथे, जिथे तुम्ही बसलाय तिथे उभ्या राहतात, सेट चाळतात आणि मला विचारतात, काका, हे तुम्ही कुठून घेतलंय? मला! म्हटलं, बायांनो, घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर उजेड सोडा. गेल्या. नाही घेतला. तेव्हा मला तुमचा पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू?

तपासून घ्या, तपासून घ्या — तुमचं आपलं एकच पालुपद. अहो, तपासत बसलं तर जगात उरेल काय? लोकांना खरं नको असतं, पान भरलेलं हवं असतं. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, तुमच्या पुस्तकात नसणार. भरण. गादीत घालतात ना, तसं. सेटचं शेवटचं पान अर्धं कोरं राहिलं की बरं दिसत नाही, शिक्षकांना वाटतं पोरानं टाळाटाळ केली. मग तिथे चार ओळी घालायच्या. पक्ष्यांच्या सेटला — 'पक्षी आपल्याला मोकळेपणानं जगायला शिकवतात.' पाण्याच्या सेटला — 'तज्ज्ञांच्या मते पाण्याचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे.' कोण तज्ज्ञ? मीच, दुसरं कोण! आणि सोपं नसतं हो ते. फारच नवलाईचं लिहिलं तर कुणीतरी विचारतं, अगदीच पोकळ लिहिलं तर गुण जातात. वाचणाऱ्यानं मान डोलावली पाहिजे आणि पान उलटलं पाहिजे. माझा हात बसलाय त्यात. तुम्ही नाक मुरडताय, पण तुमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी' असं असतं, ते काय असतं? तेही भरणच. तो अहवालही इथेच छापतात.

बरं, ते सोडा. माझं सगळ्यात झकास भरण कुठलं, सांगू? तुम्ही गावात नवीन, बसनं येता ना? मग पुलावरून येत असणार. कंडक्टर काय ओरडतो थांब्याला? 'आईचा पूल! आईचा पूलवाले उतरा!' आणि पुलाच्या तोंडाशी ती दगडी पाटी, काठी टेकत चाललेली म्हातारी कोरलेली — पाहिलीत? खालचं वाचलंत? वाचलंत म्हणजे आवडलं असणार. सगळ्यांना आवडतं. 'पूल बांधून झाला तेव्हा त्यावर पाय ठेवायला कुणी धजेना. तेव्हा मुख्य मिस्त्रीची आंधळी आई पुढे झाली. काठी टेकत ती एकटी या काठावरून त्या काठावर गेली, आणि म्हणाली, भीती कसली? माझ्या मुलानं बांधलाय.'

ते भरण आहे, बाई. माझं.

अहो हो! ह्या टेबलावर, ह्या हातांनी! एका वर्षी शाळेनं सगळ्यांना एकच विषय दिला, 'आपल्या गावातील वास्तू'. आपल्या गावात वास्तू कुठली? पूल. तेवढाच आहे. मी नगरपालिकेत गेलो — बघा, मीही गेलो होतो शोधायला, अगदीच हे समजू नका — तिथल्या कारकुनानं लांबी दिली, रुंदी दिली, कमानी किती विचारलं तर म्हणाला तुम्हीच मोजा. कुणी बांधला? माहीत नाही. बांधायला किती वर्षं लागली? माहीत नाही. झाली दोन पानं. दोन पानांचा सेट कोण घेतो? नकाशा टाकला, चित्र टाकलं, 'पुलाचे फायदे' टाकले — पुलामुळे नदी ओलांडता येते, वगैरे — तरी शेवटचं पान खालून अर्धं मोकळं. मग तिथे ही म्हातारी बसवली. सेट सगळे खपले. त्यातला एक मुलगा पुढे वार्ताहर झाला, त्याला रविवारच्या अंकाला मजकूर कमी पडत होता, त्याला शाळेतला प्रकल्प आठवला, त्यानं छापलं. छापलं म्हटल्यावर ते खरंच झालं. मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात सांगितलं, आवाज कापरा करून. समोर नगराध्यक्ष बसले होते, त्यांना पाझर फुटला, त्यांनी पाटी बसवली. पाटी बसली म्हटल्यावर बसथांब्याचं नाव बदललं. पाटीच्या उद्घाटनाला मी गर्दीत मागे उभा होतो. शेजारची बाई डोळे पुसत होती, तिचा नवरा तिच्या पाठीवर हात फिरवत होता. मला असं हसू येत होतं — म्हणजे हसूच येत होतं, दुसरं काय येणार?

तर आता काढा म्हणावं माग! तुमची ती हुशार पोरं पाटीपासून निघाली तर कुठे येऊन पोचतील? इथे, ह्या टेबलाशी. आणि इथे त्यांना काय मिळेल? अर्धं कोरं पान. म्हणून मी म्हणतो, तुमचं हे सगळं शिकवणं म्हणजे —

काय झालं? पाणी देऊ?

कुठलं वाक्य? बिट्टीनं घेतलेलं? मला कसं माहीत असणार, मला सांगेल तेव्हा ना. मी विचारलं होतं. म्हणाली, आत्ता नाही सांगणार बाबा, तुमच्यासाठी गंमत आहे, सगळं शोधून झालं की सांगते. मला वाटलं असेल काहीतरी ग्रहताऱ्यांचं, तिला ते वेड आहे.

... पुलाचं?

एक मिनिट हं. कागद अडकलाय मशीनमध्ये. हा ट्रे असाच त्रास देतो, दमट हवा असली की दोन दोन कागद ओढतो. बोला तुम्ही, ऐकतोय मी. नाही, तुम्ही नका बोलू, मीच सांगतो. पाटीपासून सुरू केलं असणार तिनं. मग नगरपालिका. तिथे कळलं असणार, मुख्याध्यापकांच्या भाषणावरून पाटी बसली. मुख्याध्यापकांनी पेपरचं कात्रण काढून दाखवलं असणार, त्यांना सगळं जपून ठेवायची सवय आहे. मग ती वार्ताहराकडे गेली. एकटी? आईबरोबर! म्हणजे हिलाही माहीत आहे. वा. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत आहे, मी सोडून. आणि वर्गात काय म्हणाली बिट्टी? नीट सांगा, तिच्या शब्दांत सांगा. 'वार्ताहरकाकांना ते शाळेत असताना कळलं. त्याच्या पुढे काही सापडलं नाही.' आणि खाली बसली.

नाही, बाई. तसं होणार नाही. तो वार्ताहर आजही माझ्याकडे येतो, त्याची कार्डं मी छापतो. बिट्टी दुपट्यात होती तेव्हापासून तो तिला ओळखतो. 'शाळेत कळलं' असं म्हणून तो थांबेल? तो म्हणाला असणार, अगं वेडे, तुझ्या बाबांच्या दुकानातला सेट तो! हसून म्हणाला असणार. तो सगळं हसूनच बोलतो. आणि ही तिथे वही-पेन घेऊन बसलेली.

परवापासून माझ्याशी बोलत नाहीये ती. शाळा सुटली की रोज आधी इथे यायची, ह्या काउंटरवर चढून बसायची, गिऱ्हाइकांच्या गमती विचारायची, मग घरी. आम्ही वरच राहतो, हा जिना. परवापासून बाहेरच्या बाहेर जिना चढून जाते. मला वाटलं तुम्ही नाव काढलंत म्हणून फुगून बसलीय, आणि मी तिच्या बाजूनं तुमच्याशी भांडतोय. छान. चांगला वकील मिळालाय तिला.

घाबरली? मला? मला कोण घाबरतं घरात! तुम्हाला ती अजून कळलेली नाही. ती खोडून काढायला गेली नव्हती, बाई. ती ते खरं ठरवायला गेली होती. लहान होती तेव्हापासून त्या पाटीपाशी थांबल्याशिवाय पुढे जायची नाही. मीच उचलून धरायचो, त्या म्हातारीच्या काठीला हात लावायची आणि विचारायची, बाबा, तिला भीती नाही वाटली? मी म्हणायचो, वाटली असेल गं, पण मुलानं बांधलेला ना. की खूश. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी तेच उत्तर. मग मी काय सांगायला हवं होतं? एवढ्याशा पोरीला कडेवर घेऊन सांगायचं, भरण आहे म्हणून? तुम्ही सांगितलं असतंत? तुम्ही सांगितलं असतंत बहुतेक. म्हणून तर पोरांनी ते नाव ठेवलंय तुम्हाला.

आणि अगदीच हवेतलं नव्हतं हो ते. मिस्त्री नव्हता. पण आई होती. माझी. तुम्ही बसलाय तिथेच बसायची. दिसायचं बंद होत आलं होतं तिला. मशीनच्या आवाजावरून सांगायची, कागद संपत आलाय बघ रे. डोळ्यांचा दवाखाना पलीकडच्या काठाला, आणि तिला पूल नको व्हायचा. खालून पाण्याचा आवाज आला की पाय उचलायची नाही. माझा दंड असा धरायची की वळ उठायचे. आणि दर चार पावलांनी विचारायची, संपला का रे पूल? मी म्हणायचो, संपला आई, हा काय संपला. आम्ही अर्ध्यातसुद्धा नसायचो. परत विचारायची, परत मी तेच. एकदासुद्धा म्हणाली नाही की खोटं बोलतोस. पाऊल टाकायची. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, आता येऊ नका, उगाच त्रास तिला. तिला घेऊन परत आलो, इथे बसवली, समोर ते पान होतं, अर्धं कोरं. मग लिहिलं. लिहिताना तिच्या हातात काठी दिली आणि माझा हात काढून घेतला, तिला एकटीनं जाऊ दिलं. बरं वाटलं मला. एवढंच आहे ते. ह्याला तुमच्या तासाला काय म्हणतात, मला माहीत नाही.

असं बघू नका माझ्याकडे. मला ते चालत नाही. सहज विषय निघाला म्हणून सांगितलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये चघळायला नाही.

आपण व्यवहाराचं बोलू. तिला स्पर्धेला पाठवा. दुसरं वाक्य द्या तिला, ग्रहताऱ्यांचं द्या, झेंडा लावून येईल. विचारलंत? नको म्हणाली? हट्टी आहे, कुणावर गेलीय कोण जाणे. मग हेच राहू द्या. त्यात काय आहे? 'पुढे काही सापडलं नाही' — चालतं की! प्रत्येक गोष्टीचं मूळ सापडतं का? परीक्षक काय इथे माझ्या दुकानात येणार आहेत? तुम्ही तिला एवढंच सांगा, आवाज जरा मोठा ठेव, अडखळू नको, 'पुढे काही सापडलं नाही' असं ठणकावून म्हण, परीक्षक मान डोलावतील आणि पान उल—

हं.

नका बोलू. कळलं मला. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का? नाही? मी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे माझ्याच तोंडानं. ती वर्गात उभी राहिली, पुढची जागा मोकळी होती, तिला माहीत होतं तिथे काय लिहायचं ते, आणि तिनं तिथे चार शब्द भलतेच घातले. मला झाकायला. माझी पोरगी, जी दुधाचासुद्धा स्वतः वास घेऊन बघते, ती सगळ्या वर्गासमोर खोटं बोलली, आणि शिकली कुणाकडून, तर माझ्याकडून. स्पर्धेवर पाणी सोडलं तिनं. आणि मी इथे बसून तुम्हाला गांडुळाच्या गमती सांगतोय. लाज वाटते हो. आणि राग येतो — तुमचा! हो, तुमचाच येतो, माझा नंतर येईल. तुम्ही आला नसतात तर ती जन्मभर त्या काठीला हात लावून गेली असती. तिच्या पोरांना तिनं उचलून दाखवलं असतं. कुणाचं काय बिघडत होतं? सांगा ना. एवढं सगळं शिकवता, तर एवढं सांगा.

नाहीतर मग कशाला —

श्श. चप्पल वाजतेय. जिना चढेल ती आता. ... नाही. इकडेच येतेय. बाई, एक शब्द बोलू नका तिच्यासमोर, पाया पडतो तुमच्या.

काय गं! आज खाली? ये ना, ये, पंख्याखाली बस. दमलीस? ... ह्या? ह्या आल्यात — ह्या झेरॉक्स काढायला आल्यात. ... कशाची म्हणजे? कागदाची. ... अगं, असेल काहीतरी शाळेचं, मला काय माहीत, मी गिऱ्हाइकाला विचारत बसतो का ...

कागद कुठाय, विचारतेय ती.

नाही, बाई. पर्स उघडू नका. ठेवा ती खाली. तुम्ही नका खोटं बोलू तिच्याशी, तुमच्यावर तरी विश्वास राहू दे तिचा. निघा तुम्ही. मी शटर अर्धं ओढतोय, वाकून जा, डोकं सांभाळा. बिट्टी, तू थांब. वर जाऊ नको. तुला ते जे पुढचं सापडलं होतं ना — अहो, निघा म्हटलं ना, बाई!